लावणारा कोण, खाणारा कोण? बुकी आणि बेटिंग एक्सचेंजमधला फरक, हिशेबासकट

“मामा, हे बुकीचं नाही ओ. एक्सचेंज हाय हे. समोर आपल्यासारखंच कुणीतरी माणूस असतंय, कंपनी निस्ती कमिशन घेती.”

भाच्यानं मोबाइल पुढं करून हे सांगितलं तेव्हा मी लातूरच्या मोंढ्यात, आडत दुकानाच्या गादीवर, सोयाबीनच्या पट्ट्या, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या, जुळवत बसलो होतो. स्क्रीनवर निळे आणि गुलाबी चौकोन, त्यांत १.९४, १.९५ असले आकडे. व्याख्या म्हणून त्याचं वाक्य बरोबर होतं. त्याच्या हातातल्या मोबाइलपुरतं मात्र ते साफ खोटं होतं. ते खोटं कसं, हे त्याला दाखवायला मला दोन संध्याकाळी लागल्या. त्या दोन संध्याकाळींचा हा हिशेब.

आधीच सांगतो, हा लेख खेळायला शिकवत नाही. आपल्याकडं हा धंदा कायद्याच्या बाहेर आहे, त्याचं पुढं येईलच. पण गावागावात ‘आयडी’, म्हणजे सट्ट्याच्या साइटवरचं नाव आणि पासवर्ड, पोचलेली आहे, आणि ‘एक्सचेंज आहे, म्हणजे फसवणूक नाही’ एवढ्या एका वाक्यावर पोरं पैसे घालतायत. तेव्हा एक्सचेंज म्हणजे नेमकं काय, हे कुणीतरी वहीवर मांडून दाखवायला हवं.

पायरी १: समोर कोण बसलंय ते ओळखा

सोयाबीन काढून झालं की शेतकऱ्यापुढं दोन वाटा असतात. एक, टेम्पो घेऊन गावात येणारा खेडा खरेदीवाला. तो मूठभर दाणे हातात घेतो, एखादा दाताखाली फोडून ओल बघतो आणि भाव सांगतो. पटला तर द्या. भाव त्याचा, पैसा त्याचा, उद्या बाजार पडला तर तोटाही त्याचा. म्हणून तो भाव सांगतानाच आपली सोय धरून सांगतो. दुसरी वाट मोंढ्याची. आडत्या तुमचा माल स्वतः घेत नाही. सौदा निघतो, खरेदीदार बोली लावतात, आडत्या आपली आडत, म्हणजे कमिशन, घेऊन पट्टी करतो. भाव चढो की पडो, त्याला सौदे किती झाले याच्याशी मतलब.

बुकी म्हणजे खेडा खरेदीवाला. तुम्ही जिंकलात तर त्याच्या खिशातून जातात, हरलात तर त्याच्या खिशात येतात. एक्सचेंज म्हणजे आडत दुकान. एकजण म्हणतो लातूर जिंकेल, दुसरा म्हणतो जिंकणार नाही, दोघांचा भाव जुळला की सौदा पक्का. दोघांचे पैसे आधीच जमा असतात. निकाल लागला की हरलेल्याचे जिंकलेल्याला, आणि जिंकलेल्याच्या नफ्यातून कमिशन दुकानाला.

ही उपमा एका जागी तुटते. मोंढ्यात शेवटी धान्याचं पोतं हलतं, कुणाच्या तरी गिरणीत तेल निघतं. इथं पोतंच नाही. खेळणारे सगळे मिळून धरले तर बेरीज कायम उणे, आणि उणे किती तर कमिशनइतकी.

ही एक्सचेंजची कल्पना फार जुनी नाही. अँड्र्यू ब्लॅक आणि एडवर्ड रे यांनी २००० साली इंग्लंडमध्ये बेटफेअर सुरू केलं, शेअर बाजारात खरेदी-विक्रीच्या बोली जुळतात तशा पैजा जुळवायच्या म्हणून. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचं बुकीशी फोनवर झालेलं बोलणं बाहेर काढलं होतं. म्हणजे आपल्याकडचा फोनवरचा बुकी आणि तिकडचा संगणकावरचा बाजार एकाच साली लोकांपुढं आले. २०१६ साली बेटफेअर पॅडी पॉवर या बुकमेकर, म्हणजे बुकीचाच धंदा करणाऱ्या, कंपनीत विलीन झालं, त्यामुळं तिथं आता आडत आणि खेडा खरेदी एकाच घरची आहे.

पायरी २: भाव टक्क्यांत बदला

समजा लातूर विरुद्ध नांदेड असा सामना आहे. बुकमेकरच्या पाटीवर लातूर १.८०, नांदेड १.९०. याचा अर्थ १०० रुपये लातूरवर लावले आणि लातूर जिंकलं तर मुद्दलासकट १८० परत. आता कॅल्क्युलेटर काढा आणि १ ला भावानं भागा. १ भागिले १.८० म्हणजे ५५.५६ टक्के. १ भागिले १.९० म्हणजे ५२.६३ टक्के. बेरीज १०८.१९.

दोनच संघ आहेत, तर बेरीज शंभर यायला हवी. वरचे ८.१९ कुठून आले? ती बुकीची वरकड. त्याच्याकडं लातूरवर ५५,५६० आणि नांदेडवर ५२,६३० रुपये लागले, तर गल्ल्यात एकूण १,०८,१९० जमा. कुणीही जिंको, वाटायचे साधारण एक लाख. उरलेले आठ हजार त्याचे, आणि त्यासाठी त्याला क्रिकेटमधलं काही कळायची गरज नाही. लोकांचे पैसे दोन्ही बाजूंना त्या प्रमाणात लागले की काम झालं. एकाच बाजूला जास्त लागायला लागले की तो त्या बाजूचा भाव कमी करतो आणि दुसरीकडचा वाढवतो. भाव हलतो तो पुष्कळदा खेळपट्टीमुळं नाही, गल्ल्यामुळं.

एक्सचेंजवर त्याच सामन्याला लातूर १.९४ आणि नांदेड २.०६ दिसेल. भागून बघा: ५१.५५ आणि ४८.५४, बेरीज १००.०९. वरकड जवळजवळ गायब. कारण भाव देणारे अनेकजण असतात आणि एकानं फार खेचला की दुसरा थोडा बरा भाव टाकून सौदा पळवतो. तुरीच्या सौद्यात चार खरेदीदार उभे असले की होतं तेच.

मटका याच मापानं मोजून बघा. दहा आकड्यांतला एक, देणं एकास नऊ. शंभर जोड्यांतली एक, देणं एकास नव्वद. म्हणजे शंभरातले दहा सरळ मालकाचे, आणि भाव कधी हलतच नाही. हा मटका मुळात न्यूयॉर्कहून तारेनं येणाऱ्या कापसाच्या भावावर खेळला जायचा. मडक्यातल्या चिठ्ठ्या नंतर आल्या. आपल्या भागात कापूस पिकवणारा आणि मटका लावणारा पुष्कळदा एकच माणूस असतो, आणि दोन्हीकडं भाव दुसरंच कुणी ठरवतं.

पायरी ३: लगाई-खाई नीट मांडा

एक्सचेंजबद्दल इंग्रजीत लिहिणारे एक गोष्ट फार अपूर्वाईनं सांगतात, की इथं तुम्ही एखाद्या संघाच्या विरुद्धही पैज घेऊ शकता. त्यांच्याकडच्या बुकमेकरकडं ही सोय नसते, म्हणून त्यांना अपूर्वाई. आपल्याकडच्या फोनवरच्या बुकीनं हे केव्हापासून चालवलंय. लगाई आणि खाई: संघावर लावणं ती लगाई, विरुद्ध पैज घेणं ती खाई. निळा चौकोन म्हणजे लगाई, गुलाबी म्हणजे खाई, एवढं म्हटलं की चहाच्या टपरीवरचं पोरगंही समजतं.

बुकी फोनवर म्हणतो, “लातूर फेवरेट, नव्वद-पंच्याण्णव.” म्हणजे दहा हजार लावलेत आणि लातूर जिंकलं तर नऊ हजार मिळतील, हरलं तर दहा हजार जातील. दहा हजार खाल्लेत तर उलट: लातूर हरलं तर दहा हजार मिळतील, जिंकलं तर साडेनऊ हजार द्यावे लागतील. एक्सचेंजच्या भाषेत हेच १.९० आणि १.९५. मुद्दल धरून लिहायचं की न धरता, एवढाच फरक.

आता बुकीच्या जागेवर बसून बघा. एकानं दहा हजार लावले, दुसऱ्यानं दहा हजार खाल्ले. लातूर जिंकलं तर एकाला नऊ हजार द्यायचे, दुसऱ्याकडून साडेनऊ घ्यायचे. पाचशे सुटले. लातूर हरलं तर एकाकडून दहा घ्यायचे, दुसऱ्याला दहा द्यायचे. सुटलं शून्य. म्हणजे ही पाच पैशांची फट त्याला फेवरेट जिंकल्यावरच कमाई देते. मला स्वतःला हे वहीवर मांडेपर्यंत लक्षात आलं नव्हतं. मग दुसऱ्या बाजूची सोय तो कुठून करतो? सेशनमधून.

सेशन म्हणजे ठरावीक षटकांत किती धावा होतील यावरची पैज. भाव असा असतो: सहा षटकांत ४६-४८. ‘येस’ घेतलंत तर ४८ किंवा जास्त धावा व्हायला हव्यात. ‘नो’ घेतलंत तर ४६ च्या आत थांबायला हवं. धावा ४६ किंवा ४७ झाल्या तर येसवाला पण गेला आणि नोवाला पण गेला. दोघांचेही पैसे बुकीकडं. षटकामागून षटक, सामन्यामागून सामना हे चालतं. सामन्याचा भाव हे त्याच्या दुकानाचं दार, खरं दुकान आत सेशनमध्ये आहे.

एक्सचेंजवरची खाई दिसायला तशीच, फक्त तिथं खाणारा आणि लावणारा दोघंही गिऱ्हाईक. मधली फट कुणा एकाच्या मालकीची नसते.

पायरी ४: पाटीवरची रक्कम वाचा, नुसता भाव नको

बुकीकडं भाव सांगितला की तो तुमची रक्कम घेतो, फार तर म्हणेल एवढीच घेतो. एक्सचेंजवर प्रत्येक भावाखाली बारीक अक्षरात एक रक्कम असते, आणि नवखा माणूस तीच वाचत नाही. लातूरवर लावायला १.९४ ला १२,००० आणि १.९३ ला ३०,००० उभे आहेत असं धरा. तुम्हाला ४०,००० लावायचे आहेत. तर १२,००० जुळतील १.९४ ला आणि २८,००० जुळतील १.९३ ला, सरासरी १.९३३. क्विंटलभर तुरीला जो दर मिळाला तो दोनशे क्विंटलला मिळत नाही, तसंच.

नाही तर तुम्ही आपला भाव टाकून थांबू शकता. २.०० ला लावायचे आहेत म्हणून रांगेत उभे राहा. कुणी आलं तर सौदा झाला, नाही आलं तर पैसे परत. अर्धेच जुळले आणि अर्धे लोंबकळत राहिले असंही होतं. मोठ्या सामन्याला, मोठ्या घोड्यांच्या शर्यतीला गर्दी असते, तिथं हे चालतं. आडगावच्या सामन्याला पाटीवर कुणीच नसतं. तिथं १.७० आणि २.४० असे दोन भाव समोरासमोर दिसतात आणि मधे शुकशुकाट. अशा वेळी बुकीचा १०८ टक्क्यांचा भाव स्वस्त पडतो. एक्सचेंज म्हणजे कायम चांगला भाव, हा गैरसमज आहे.

सामना चालू असताना आणखी एक गोष्ट घडते. बटण दाबल्यावर पैज लगेच जुळत नाही, काही सेकंद रोखून धरतात. कारण टीव्हीवरचं चित्र मैदानाच्या मागं असतं, आणि मैदानात बसलेल्याला विकेट तुमच्या आधी कळलेली असते. रोखलं नाही तर घरात बसलेल्याचा रोज बळी जाईल. रोखूनही थोडाफार जातोच.

पायरी ५: खाताना जोखीम किती, ते आधी लिहा

लावणाऱ्याचं नुकसान ठरलेलं असतं: लावले तेवढे. खाणाऱ्याचं तसं नाही. १.९५ ला दहा हजार खाल्ले तर जोखीम साडेनऊ हजार, ठीक. पण दुबळ्या संघाचा भाव ११ आहे आणि तुम्ही म्हणालात, हा कुठला जिंकतोय, हजार रुपये खातो. मिळाले तर हजार. गेले तर दहा हजार. सूत्र सोपं आहे: भावातून १ वजा करा आणि रकमेनं गुणा. खरं एक्सचेंज ही सगळी जोखीम आधीच तुमच्या शिलकीतून अडवून ठेवतं, शिल्लक नसेल तर पैज घेतच नाही. उधारीवर चालणारा बुकी असं काही अडवत नाही. सोमवारी हिशेबाला माणूस पाठवतो. मोटारसायकली गहाण पडतात त्या या उधारीपायी.

पायरी ६: कमिशन कापून भाव पुन्हा मांडा

एक्सचेंज कमिशन घेतं ते त्या सामन्यातल्या निव्वळ नफ्यावर. बेटफेअरचा मूळ दर बराच काळ ५ टक्के राहिला, काही एक्सचेंज २ टक्के घेतात. दहा हजार १.९४ ला लावले, नफा ९,४००. पाच टक्के म्हणजे ४७० गेले, हातात ८,९३०. म्हणजे खरा भाव १.९४ नाही, १.८९३. नांदेडच्या बाजूचा २.०६ कमिशननंतर २.००७ होतो. या दोघांची टक्केवारी पुन्हा काढा: ५२.८३ आणि ४९.८३, बेरीज १०२.६६. बुकीच्या १०८ पेक्षा बरं, पण शंभर नव्हे. आणि एखाद्या बुकमेकरनं दोन्ही बाजूंना १.९१ दिलं तर त्याची बेरीज १०४.७ येते. तिथं लातूरवर लावणाऱ्याला बुकमेकरच परवडतो. पाटीवरचा भाव बघून खूश होणं म्हणजे हमाली, तोलाई न धरता सोयाबीनचा भाव सांगणं.

पायरी ७: मधेच सौदा मोडणं

वायदे बाजार ज्यांनी पाहिलाय त्यांना हे लगेच कळेल. लातूरवर १.९४ ला दहा हजार लावले. सुरुवात चांगली झाली, भाव उतरून १.५० वर आला. आता तुम्ही १.५० ला १२,९३३ रुपये खा. लातूर जिंकलं तर ९,४०० आले आणि ६,४६६ गेले, उरले २,९३४. लातूर हरलं तर १०,००० गेले आणि १२,९३३ आले, उरले २,९३३. निकाल काहीही लागो. यातून कमिशन जाईल ते वेगळं.

ऐकायला गोड वाटतं. भाव उलटा गेला तर काय, तेही मांडा. विकेटा पडल्या, लातूर ३.०० वर गेलं, तुम्ही घाबरून त्या भावानं ६,४६७ रुपये खाल्ले, तर कुणीही जिंकलं तरी ३,५३३ चा तोटा बांधून घेतलात. यूट्यूबवर ही पद्धत शिकवणारे पहिलं गणित फळ्यावर लिहितात, दुसरं पुसून टाकतात.

बुकमेकरकडंही ‘कॅश आउट’चं बटण असतं. फरक एवढाच की तिथं मोडायचा भाव तोच ठरवतो, आणि त्यात त्याची वरकड दुसऱ्यांदा धरलेली असते.

पायरी ८: जिंकणाऱ्याचं काय होतं ते विचारा

बुकमेकरच्या दृष्टीनं सतत जिंकणारं गिऱ्हाईक म्हणजे गळका डबा. त्याची मर्यादा कमी होत जाते, मग शंभर-दोनशेच्या वर पैज घेत नाहीत, शेवटी खातं बंद. एक्सचेंजला जिंकणाऱ्याचं वावडं नाही, कारण पैसे त्याच्या खिशातून जात नाहीत. हा फरक खरा आहे आणि मोठा आहे. पण एक्सचेंजही संत नाही. बेटफेअरनं २००८ साली सतत नफ्यात असणाऱ्यांवर जादा आकार बसवला आणि २०११ साली काही मोजक्या खात्यांसाठी तो नफ्याच्या ६० टक्क्यांपर्यंत नेला. सतत जिंकणारे इतरांची शिल्लक लवकर संपवतात, आणि शिल्लक संपली की सौदे थांबतात. आडत्याला हे गणित बरोबर कळतं.

आणि ‘जुळलं म्हणजे पक्कं’ हेही शंभर टक्के नाही. २८ डिसेंबर २०११ ला आयर्लंडमध्ये लेपर्ड्सटाउनच्या मैदानावर व्होलेर ला व्हेडेट नावाची घोडी शर्यत जिंकत आलेली असताना बेटफेअरवर कुणीतरी तिला २९ च्या भावानं २ कोटी १० लाख पौंडांपर्यंत खायला तयार दिसत होतं. पायरी ५ चं सूत्र लावा: जोखीम सुमारे ५९ कोटी पौंड. एवढे पैसे अर्थातच कुणाच्या शिलकीत नव्हते, संगणकाच्या प्रोग्रामचा घोळ होता. घोडी जिंकली, आणि बेटफेअरनं शर्यत चालू असताना जुळलेल्या सगळ्या पैजा रद्द केल्या. ज्यांनी त्या क्षणी २९ ला लावले त्यांची रात्र कशी गेली असेल ते तेच जाणे.

खाई सगळ्यांच्या हातात आली की आणखी एक दार उघडतं: हरण्यातून कमाई. घोडा जिंकवणं अवघड, हरवणं सोपं. म्हणून ब्रिटनमध्ये मालकाला आणि ट्रेनरला आपलाच घोडा खायला बंदी आहे. एक्सचेंजवर प्रत्येक सौद्याची नोंद राहते, आणि बेटफेअरनं २००३ साली तिथल्या जॉकी क्लबशी, म्हणजे शर्यतींवर देखरेख करणाऱ्या संस्थेशी, करार करून संशयास्पद नोंदी द्यायचं मान्य केलं. फोनवरच्या बुकीची नोंद वहीत असते, आणि धाड पडली की वही पेटते.

घोड्यांचा विषय निघालाच आहे तर टोटचंही एका दमात सांगतो. मुंबईच्या महालक्ष्मीला आणि पुण्याच्या रेसकोर्सवर रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा टोट चालतो. तिथं सगळ्यांचे पैसे एका मडक्यात, त्यातून ठरलेला वाटा काढून उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. भाव शर्यत सुटेपर्यंत पक्का नसतो. मराठवाड्यात रेसकोर्स नाही, त्यामुळं आपल्याला एवढं पुरे.

पायरी ९: आता त्या मोबाइलकडं बघा

दुसऱ्या संध्याकाळी मी भाच्याला म्हटलं, “तुझं एक्सचेंज आहे ना, मग लातूरवर २.१० चा भाव टाकून रांगेत थांब.” त्यानं टाकला. स्क्रीनवर लाल पट्टी आली, भाव बदलला म्हणून. पुन्हा टाकला, पुन्हा तीच. थांबायला रांगच नव्हती. दिसेल तो भाव घ्या, नाही तर सोडा. ही खेडा खरेदी झाली.

या एका परीक्षेवर विसंबू नका, काही पॅनेल, म्हणजे आयडी देणाऱ्यांच्या साइट, रांगेचंही सोंग करतात. पुढचं जास्त पक्कं आहे. त्याला म्हटलं, स्क्रीन खाली सरकव. सामन्याच्या भावाखाली दुसरा खाना होता. “काय लिहिलंय?” त्यानं वाचलं, “बुकमेकर.” मग जरा दबक्या आवाजात म्हणाला, “पण हितं कमिशन शून्य हाय की.” असणारच शून्य. खेडा खरेदीवाला आडत घेतो का? त्याखाली तिसरा खाना, ‘फॅन्सी’. म्हणजे आपलं जुनं सेशन, येस आणि नो, समोर कुणी माणूस नाही, दुकानच. त्याच्या महिनाभराच्या पैजा मोजल्या तर तीन चतुर्थांश फॅन्सीतल्या निघाल्या.

मग आयडी देणाऱ्याचं विचारलं. आधारकार्ड मागितलं का? नाही. वय विचारलं का? नाही. व्हॉट्सअॅपवर नंबर दिला, पाच मिनिटांत नाव आणि पासवर्ड आला. पैसे कुठं भरले? दर वेळी वेगळ्या माणसाच्या बचत खात्यावर. परवानाधारक एक्सचेंज असं कधीच करत नाही. ते ओळख तपासतं आणि पैसे तुमच्याच नावाच्या खात्यातून घेतं.

सगळ्यांत पक्का पुरावा वाट्याचा. महादेव या सट्ट्याच्या ॲपच्या प्रकरणात ईडीनं २०२३ साली सांगितलं की पॅनेल नफ्याच्या ७०-३० वाट्यानं चालवायला दिली जात होती. नफा कुणाचा? खेळणाऱ्यांच्या तोट्यातून आलेला. खऱ्या आडत्याला शेतकऱ्याच्या तोट्यात हिस्सा नसतो. ज्या घटकेला आयडी देणाऱ्याला तुमच्या हरण्यात वाटा आहे, त्या घटकेला ते दुकान बुकीचं. वरचे निळे-गुलाबी चौकोन खऱ्या एक्सचेंजचे भाव उचलून लावलेली नुसती रंगरंगोटी. बुकी निदान उधारीवर तरी घ्यायचा. हा पैसे आधी घेतो.

कायदा, थोडक्यात

आपल्याकडं मटक्यावर धाड पडली की पेपरात ‘महाराष्ट्र जुगार प्रतिबंधक कायदा कलम १२ (अ)’ असं येतं. तो कायदा १८८७ चा, तेव्हा हा सगळा मुलूख निजामाकडं होता. रेसकोर्सच्या आत परवान्यानं चालणाऱ्या पैजा यातून सुटतात, क्रिकेटच्या सुटत नाहीत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. त्यात पैशाचा ऑनलाइन खेळ, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा, चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं, ५० लाखांपर्यंत किंवा दोन्ही. पैशाची देवाणघेवाण करून देणाऱ्यालाही ३ वर्षं, १ कोटीपर्यंत किंवा दोन्ही. नुसता खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही, पण जुन्या कायद्यात अड्ड्यावर सापडणाऱ्याला आहे.

लोकांच्या ध्यानात नसतं ते वेगळंच: १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३०. पैजेचा करार रद्दबातल. तुम्ही दोन लाख जिंकलात आणि पॅनेलवाल्यानं आयडी बंद केली, तर कुठल्याही कोर्टात वसुलीचा दावा चालत नाही. आडत्यानं पट्टीचे पैसे थकवले तर बाजार समितीत तक्रार करता येते. इथं बाजार समितीच नाही.

पैसे आणि खातं

हरलेले फिटावेत म्हणून भाच्याला एक ‘मार्ग’ सुचवला गेला होता: बँकेचं खातं भाड्यानं दे. पासबुक, एटीएम, सिमकार्ड द्यायचं, महिन्याला काही हजार मिळतील. वर वाचलेल्या ‘दर वेळी वेगळ्या माणसाचं बचत खातं’ ते हेच. असल्या खात्यात सट्ट्याचे पैसे येतात, सायबर फसवणुकीचेही येतात, आणि कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांच्या पत्रावर खातं गोठतं. मग त्याच खात्यात येणारी पीक विम्याची रक्कमही अडकते. चौकशीला बोलावणं येतं ते खातेदाराला, आयडीवाल्याला नव्हे.

कुणाचे असे पैसे फसवून काढले गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा, व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ हाताशी ठेवून. व्हॉट्सअॅपचं बोलणं लाजेपायी पुसू नये, तेच कामाला येतं. खातं गोठलं तर आधी बँकेतून कुठल्या पोलीस ठाण्याचं पत्र आहे ते लेखी मागावं, मग तिथं उत्तर द्यावं. आणि पोरगं झोपत नसेल, जेवत नसेल, तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे, तिथं मराठीत बोलता येतं.

भाच्यानं खातं दिलं नव्हतं, द्यायच्या बेतात होता. त्याचं पासबुक आणि एटीएम कार्ड सध्या माझ्या गल्ल्यात, पावती पुस्तकाखाली आहे. बहिणीला अजून सांगितलेलं नाही.